दीर्घ आजार: सोबत कुठे शोधायची, पूरक उपाय कसे पारखायचे

संधिवात, मधुमेह, फायब्रोमायल्जिया (अंगभर जुनाट दुखणं), मायग्रेन, थायरॉइड, आतड्यांची जुनी तक्रार. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणाऱ्या अशा आजारांत माणूस दोन गोष्टी शोधू लागतो: हेच दुखणं असलेली माणसं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीबाहेरचा एखादा उपाय. दोन्ही शोध बहुधा एकाच गटात येऊन थांबतात आणि घोटाळा तिथेच होतो. ज्या व्यक्तीने आपलं ऐकून घेतलं, तिने सुचवलेली पूडही मग विश्वासाची वाटते. खरं तर माया आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून एक नियम आधीच ठरवून टाका: गटाकडून अनुभव घ्यायचा, मात्रा घ्यायची नाही.

आधी एक कागद

गट किंवा उपाय शोधण्याआधी एका पानावर स्वतःची औषधयादी करा. औषधाचं मूळ नाव (कंपनीने दिलेलं नव्हे), मिलिग्रॅम, वेळ, कधीपासून सुरू आणि कशासाठी, एवढे पाच रकाने. खाली अ‍ॅलर्जी आणि मूत्रपिंड व यकृताच्या शेवटच्या तपासणीचे आकडे. त्याखाली चिठ्ठीशिवाय पोटात जाणारं सगळं: व्हिटॅमिन, काढे, प्रोटीन पावडर, झोपेसाठीचा चहा, अधूनमधून घेतली जाणारी वेदनाशामक गोळी. घात करतो तो हाच शेवटचा भाग, कारण ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून तो कोणी सांगत नाही.

यादीत वॉरफरिन, डिगॉक्सिन, लिथियम, लेव्होथायरॉक्सिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस किंवा अपस्माराची (फिट येण्यावरची) औषधं असतील तर त्यांभोवती लाल गोल करा. यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत रक्तातलं प्रमाण किंवा परिणाम थोडा सरकला तरी एकतर उपयोग थांबतो, नाहीतर विषबाधा होते. लाल गोल असलेल्या माणसाने पोटात घ्यायचा कुठलाही नवा उपाय आधी डॉक्टरांना किंवा औषधतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरू करू नये. इथे ‘थोडंसं घेऊन बघतो’ चालत नाही.

या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा. औषध बदललं की त्याच दिवशी नवा काढा आणि जुना पुसून टाका, नाहीतर तातडीच्या वेळी जुनीच यादी दाखवली जाते.

गट कशासाठी, कशासाठी नाही

इंजेक्शन घेऊन लांबचा प्रवास कसा करायचा, कामावर वरिष्ठांना किती सांगायचं, सकाळी बोटं आखडलेली असताना बरणीचं झाकण कसं उघडायचं, ‘दिसतेस तर अगदी ठणठणीत’ या वाक्याला काय उत्तर द्यायचं? अशा प्रश्नांना गटाइतकं चांगलं उत्तर कुठेही मिळत नाही. आजाराचं कारण, औषधाची मात्रा आणि पुढे काय होणार यांबाबत मात्र गट कच्चा असतो.

त्याला कारण आहे. बरं वाटू लागलेली माणसं गटात यायची थांबतात आणि त्रास वाढलेली जास्त लिहितात, त्यामुळे आजाराचं चित्र असतं त्याहून काळं दिसतं. एखाद्या विशिष्ट उपायाभोवती जमलेल्या गटात नेमकं उलटं घडतं. ज्यांना गुण आला नाही ते निमूट निघून जातात, उरतात फक्त यशाच्या कहाण्या. दोन्हीकडे कोणीही खोटं बोलत नसतं, तरीही गोळाबेरीज खोटी येते.

गट शोधणं आणि पारखणं

पहिली चौकशी उपचार करणाऱ्या विभागातच करा. डॉक्टरांपेक्षा तिथल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेवा विभागातल्या कर्मचाऱ्यांना चालू असलेले गट जास्त ठाऊक असतात. मग त्या आजाराच्या रुग्णसंघटनेकडे वळा. तिच्या कार्यक्रमांना पैसा कोण पुरवतं ते पाहा. औषधकंपनी मदत करते एवढ्यावरून संघटना बाद ठरत नाही, पण ती मदत लपवली असेल तर सावध व्हा.

तुमच्याच आजाराचा गट मिळाला नाही तरी अडत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला दीर्घ आजारांच्या स्वव्यवस्थापनाचा कार्यक्रम अनेक देशांत चालतो आणि त्यात वेगवेगळ्या आजारांची माणसं मुद्दाम एकत्र बसतात. आठवड्यातून एकदा अडीच तास, असे सहा आठवडे. चालवणारे दोघं असतात आणि त्यांतला निदान एक स्वतः दीर्घ आजारासह जगणारा असतो. थकवा, वेदना, झोप, खचलेलं मन आणि डॉक्टरांशी बोलणं या अडचणी निदान वेगळं असलं तरी सारख्याच असतात, म्हणून ही मिसळ चालते.

गट सापडला की पहिले दोन आठवडे फक्त वाचा किंवा ऐका. ऑनलाइन गट असेल तर जुन्या संदेशांत एकच गोष्ट हुडका: ‘मी गोळी बंद केली’ असं कोणी लिहिल्यावर पुढे काय झालं? ‘आधी डॉक्टरांशी बोला’ असं कुणी तरी म्हणालं का, की टाळ्या पडल्या? गट ओळखायला आमच्या मते हा सगळ्यात खरा निकष आहे. दुसरं, विक्री. ‘खासगीत मेसेज करा, सांगते’ असं वारंवार दिसलं तर तो स्वमदत गट नसून दुकान आहे. तिसरं, मतभेद. ‘मला उपयोग झाला नाही’ असं लिहिणाऱ्याला काढून टाकलं जात असेल तर तिथला कुठलाही अनुभव धरून चालू नका. शेवटी स्वतःकडे पाहा. गटातून उठल्यावर सलग तीन-चार वेळा घाबरायला होत असेल, तर गट चांगला असूनही तुमच्यासाठी तो योग्य नाही.

रिपोर्टचा फोटो टाकताना नाव झाकलं जातं, पण बारकोड, क्यूआर कोड आणि नोंदणी क्रमांक तसेच राहतात. तेही कापा. बंद गटातल्या मजकुराचेही स्क्रीनशॉट निघतात. नोकरी किंवा विम्यावर परिणाम करू शकेल असं काही खऱ्या नावाने लिहू नका.

गट नसेल तर सुरू करा

सहा ते आठ माणसं, पंधरा दिवसांतून एकदा, नव्वद मिनिटं. यापेक्षा मोठा गट झाला की प्रत्येकाला बोलायला मिळत नाही आणि चारच माणसं असली की दोघं आजारी पडल्यावर बैठक बारगळते. निमंत्रक दोन हवेत, कारण निमंत्रकही आजारीच असतो. पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, मध्ये उठून फिरण्याची मोकळीक आणि फोनवरून सामील होण्याची सोय, एवढं पाहिलं तरी उपस्थिती टिकते.

सुरुवातीला प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. त्या वेळी कोणी मध्ये बोलायचं नाही. नंतर अर्धा तास आधी ठरलेला एकच विषय. मग थोडी विश्रांती आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं कृतीच्या ठरावासाठी. ‘व्यायाम करीन’ हा ठराव नव्हे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहाला दहा मिनिटं चालेन’ हा ठराव. काय, किती, कधी आणि किती वेळा, हे चारही त्यात आले पाहिजेत. मग विचारायचं, हे पार पडेल याची खात्री ० ते १० मध्ये किती? सातच्या खाली उत्तर आलं तर ठराव लहान करायचा. आत्मविश्वास वाढतो तो पार पडलेल्या छोट्या ठरावांनी, फसलेल्या मोठ्यांनी नाही.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका: न विचारता सल्ला नाही. ‘ऐकू की सुचवू?’ असं आधी विचारायचं.

बिघाडही ठरलेलेच असतात. एकच माणूस सगळा वेळ खातो. त्यासाठी घड्याळ आहे. ‘माझा त्रास तुझ्याहून मोठा’ अशी चढाओढ लागते. त्या वेळी निमंत्रकाने चर्चा ‘या आठवड्यात काय जमलं’ याकडे वळवायची. निमंत्रकाचा फोन रात्री-अपरात्री वाजू लागतो. त्यासाठी वेळ ठरवून जाहीर करायची आणि दर सहा महिन्यांनी निमंत्रक बदलायचा. कुणा सदस्याचं निधन झालं तर पुढच्या बैठकीचा विषय तोच असू द्या. नेहमीचा कार्यक्रम रेटून नेला की माणसं गळतात.

एखाद्याने जगणं नकोसं झाल्याचं बोलून दाखवलं तर काय करायचं, हे वेळ येण्याआधीच लिहून ठेवा. थेट विचारा, ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही, तातडीच्या सेवेला आणि घरच्यांना कळवायचं. हे काम दोघांनी मिळून करायचं, एकट्याने नाही. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही.

‘पूरक’ आणि ‘ऐवजी’

चालू उपचारांसोबत घेतो तो पूरक उपाय, आणि त्यांच्याऐवजी घेतो तो पर्यायी. मोठा धोका या ‘ऐवजी’मध्ये आहे. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरात न पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण पाहिले गेले. प्रमाणित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट आढळला. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवलं की रक्तात आम्ल साचून जिवावर बेतायला फार दिवस लागत नाहीत. स्टेरॉइड, अपस्माराच्या गोळ्या, बीटा ब्लॉकर (हृदय आणि रक्तदाबावरच्या गोळ्या) आणि नैराश्यावरची औषधंही एकदम तोडायची नसतात. मात्रा कमी करायची असेल तर ती टप्प्याटप्प्याने, आणि ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडूनच.

शरीर आणि मन एकत्र हलवणाऱ्या पद्धतींना बऱ्यापैकी आधार आहे. फायब्रोमायल्जियाच्या २२६ रुग्णांवर झालेल्या २०१८ सालच्या चाचणीत ताई ची हा संथ हालचालींचा प्रकार एरोबिक व्यायामाच्या तोडीचा किंवा त्याहून सरस ठरला. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगता-ध्यानाचा कार्यक्रम जुन्या कंबरदुखीत काही जणांना उपयोगी पडतो. वेदना संपतेच असं नाही, पण तिने अडवलेली कामं सुरू होतात. अ‍ॅक्युपंक्चरबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. सुमारे १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये झालेल्या विश्लेषणात खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा (तुलनेसाठी नुसतं टोचल्याचं भासवणाऱ्या) सरस ठरल्या, पण फरक लहान होता. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी (दुसऱ्या कुठल्या आजाराने जिचा पुरता उलगडा होत नाही अशा) अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करायला सांगितलं, पण उपचारकाचा एकूण वेळ पाच तासांच्या आत ठेवून. चाळीस सत्रांचं पॅकेज कुणी पुढे केलं तर हा आकडा आठवा. आतड्याच्या क्षोभात, म्हणजे आयबीएसमध्ये, पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल उपयोगी पडतात. पण त्या चावल्या किंवा आम्लनाशकाबरोबर घेतल्या तर वेष्टन जठरातच फुटतं आणि छातीत जळजळ होते.

होमिओपॅथीचा हिशेब साधा आहे. ‘सी’ म्हणजे शंभरपट पातळ करणं, आणि १२सी म्हणजे ते लागोपाठ बारा वेळा. १२सी पलीकडच्या विरलनात मूळ पदार्थाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता नगण्य असते, आणि बाटलीवर अनेकदा ३०सी असतं.

व्यायामाच्या सल्ल्याला एक मोठा अपवाद आहे. श्रमानंतर त्याच दिवशी नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळत असेल, म्हणजे एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारासारखं, तर ‘रोज थोडं वाढवत जा’ हा सल्ला त्याला आणखी खाली नेतो. २०२१ मध्ये ‘नाइस’ने या आजारात ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायचा व्यायाम देऊ नये असं म्हटलं. इथे शक्तीच्या मर्यादेत राहून कामाचे तुकडे पाडायचे असतात आणि बऱ्या दिवशीही मर्यादा ओलांडायची नसते.

पोटात जाणारे उपाय

औषध आणि वनस्पती यांची टक्कर दोन तऱ्हांनी होते. हा फरक समजला की ‘मध्ये चार तासांचं अंतर ठेवलं की झालं’ हा सल्ला कधी बरोबर आणि कधी घातक ते आपलं आपल्याला कळतं.

पहिल्या तऱ्हेत दोन पदार्थ आतड्यात एकमेकांना चिकटतात. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह हे त्याचं उदाहरण. इथे चार तासांचं अंतर खरंच पुरतं. दुसऱ्या तऱ्हेत वनस्पती आतड्यातल्या आणि यकृतातल्या औषध मोडणाऱ्या यंत्रणेवरच काम करते. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती. ते ही यंत्रणा वेगवान करतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, वॉरफरिन, सायक्लोस्पोरिन आणि एचआयव्हीची काही औषधं रक्तात कमी पडतात. ते घेणाऱ्या, हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या शरीराने नवं हृदय नाकारल्याच्या घटना २००० साली नोंदल्या गेल्या. सेंट जॉन्स वर्ट बंद केल्यावरही परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे जातात. ग्रेपफ्रूट उलटं करतं, यंत्रणा बंद पाडतं. त्यामुळे सिम्वास्टॅटिनसारखं कोलेस्टेरॉलवरचं औषध रक्तात साचतं आणि शरीराने औषध मोडणारं नवं विकर (एन्झाइम) तयार करेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. इथे तासांचं अंतर निरुपयोगी. शिवाय सेंट जॉन्स वर्ट नैराश्यावरच्या औषधांबरोबर घेतल्यास शरीरात सेरोटोनिनचा घातक अतिरेक होऊ शकतो.

आणखी काही गोष्टी गटांत हमखास निघतात. हळदीचा अर्क मिरीच्या अर्कासह दिला की करक्युमिन (हळदीतला मुख्य घटक) कितीतरी जास्त शोषलं जातं. जाहिरात ज्याला फायदा म्हणते, तेच यकृताला इजा झाल्याच्या नोंदींत दिसतं. स्वयंपाकातली चिमूट आणि कॅप्सूलमधला अर्क यांची तुलनाच नाही. अश्वगंधा थायरॉइड हार्मोन वाढवू शकते, यकृतदाहाच्या नोंदी तिच्याही आहेत. ज्येष्ठमध पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबरोबर ते दुप्पट धोक्याचं. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं की यकृतावर ताण दिसू शकतो, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. याच संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी व्हिटॅमिन बी६ची दैनंदिन मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. बी६ तीन वेगवेगळ्या बाटल्यांत लपलेलं असतं, म्हणून बेरीज करा. त्याच्या अतिरेकाने पायाला मुंग्या येतात आणि मधुमेही माणूस त्या शुगरच्या खात्यावर टाकतो. केसांसाठी घेतलेलं बायोटिन थायरॉइड आणि ट्रोपोनिनच्या (हृदयविकाराचा झटका ओळखण्याच्या) तपासण्यांचे आकडे चुकवतं, म्हणून ते घेत असल्याचं प्रयोगशाळेत सांगा आणि तपासणीआधी किती दिवस थांबवायचं ते विचारा. शस्त्रक्रिया ठरली की वनस्पतिजन्य गोष्टी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

लेबलवर प्रत्येक घटक मिलिग्रॅममध्ये, वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, बॅच क्रमांक आणि मुदत असली पाहिजे. ‘खास मिश्रण’ असं लिहून एकच बेरीज दिली असेल तर बाटली परत ठेवा. यूएसपी किंवा एनएसएफ या अमेरिकी संस्थांसारख्या स्वतंत्र चाचणीचं चिन्ह असलं तर बाटलीत लिहिलंय तेच आहे एवढं कळतं. त्याने आजार बरा होतो की नाही, ते त्या चिन्हाला माहीत नसतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

सांधेदुखीची ‘निसर्ग’ पूड दोन दिवसांत चमत्कार दाखवते, भूक वाढते, चेहरा गोल होतो, शुगर आणि बीपी चढतं? मग तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्या. अशी पूड काही आठवडे पोटात गेली असेल तर स्वतःहून एकदम थांबवू नका, कारण तोवर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असू शकतं. डबा घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

स्वतःवरची चाचणी

माणूस नवा उपाय सर्वांत वाईट आठवड्यात सुरू करतो. अशा आठवड्यानंतर काही न करताही थोडं बरं वाटणारच असतं, आणि श्रेय बाटलीला मिळतं. त्यावर उतारा म्हणजे वही.

१. एका वेळी एकच नवी गोष्ट. दोन सुरू केल्या तर गुण कुणाचा आणि पुरळ कुणामुळे, ते कळणार नाही.

२. एकच मुख्य तक्रार निवडा आणि सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज ठरावीक वेळी ० ते १० मध्ये नोंदवा. सोबत झोपेचे तास आणि वेदनाशामक गोळ्यांची संख्या. मायग्रेनमध्ये रोजच्या आकड्यापेक्षा महिन्यातले डोकेदुखीचे दिवस मोजा आणि चाचणी तीन महिन्यांची धरा.

३. यश कशाला म्हणायचं ते आधीच लिहा. वेदनेच्या मापावर सुमारे दोन गुणांची किंवा ३० टक्के घट रुग्णांना जाणवण्याजोगी मानतात. अर्ध्या गुणाचा फरक रोजच्या चढउतारातलाच.

४. मुदत ठरवा, बहुतेक उपायांना चार ते आठ आठवडे. ‘अजून थोडं’ म्हणत मुदत वाढवली की चाचणी संपली आणि सवय लागली.

५. गुण आला, तर उपाय सुरक्षितपणे थांबवता येत असेल तेव्हा दोन आठवडे थांबवा. त्रास परत येतो का आणि पुन्हा सुरू केल्यावर जातो का, ते पाहा. हे डॉक्टरांनी दिलेल्या औषधावर करायचं नाही.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगभर खाज, पुरळ, काळी शौच, धडधड: यांतलं काहीही दिसलं की मुदतीची वाट न पाहता थांबा आणि दाखवून या.

डॉक्टरांशी आणि उपचारकाशी

‘हे घेऊ का?’ या प्रश्नाला दोन मिनिटांच्या भेटीत ‘नको’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी बाटली आणि औषधयादी टेबलावर ठेवून म्हणा, ‘डॉक्टर, हे सहा आठवडे घेऊन बघायचा विचार आहे. माझ्या औषधांपैकी कशाला यामुळे धक्का बसेल? कोणती तपासणी कधी करू?’ उत्तर झटकून टाकणारं मिळालं तर हाच प्रश्न औषधतज्ज्ञाला विचारा. औषधांच्या टकरी हे त्याचंच क्षेत्र आहे.

पूरक उपचार देणाऱ्याला तीन प्रश्न: किती सत्रांनंतर उपयोग नाही असं आपण मानायचं? तुम्ही माझ्या डॉक्टरांना लेखी कळवाल का? माझी औषधं बंद करायला सांगाल का? पहिल्याला आकडा मिळाला नाही, किंवा तिसऱ्याला ‘हो’ मिळालं, तर तिथून उठा. त्रास वाढल्यावर ‘हे शुद्धीकरणाचं लक्षण, म्हणजे औषध लागू पडतंय’ असं सांगणारा प्रत्येक निकाल आपल्याच बाजूने लावतो. अशा माणसापुढे वहीचा काही उपयोग नाही.

चाचणी संपल्यावर गटात लिहायचं तर ‘मला फरक पडला’ एवढ्यावर थांबू नका. निदान, चालू औषधं, काय आणि किती घेतलं, किती आठवडे, आधीची आणि नंतरची सरासरी, थांबवल्यावर काय झालं आणि दुष्परिणाम, असं सात ओळींत लिहा आणि शेवटी ‘ही माझी मात्रा, तुमची नव्हे’ असं जोडा. काहीच गुण आला नसेल तरी याच सात ओळी लिहा. गटात नेमक्या त्याच नोंदी सगळ्यात कमी असतात.